साडेसहा तास

चिपळूणच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका आळीत दोन भावांचं एकत्र घर आहे. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर; वर दोन खोल्या, जिन्याच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा आणि गच्ची. थोरल्याचं हार्डवेअरचं दुकान. त्यांना सगळे दादा म्हणतात. धाकटा एसटीत वाहक. थोरली सून घर सांभाळून दुकानाच्या गल्ल्यावरही बसते, धाकटी अंगणवाडी सेविका. आणि या सगळ्यांची आई, पंचाहत्तरी ओलांडलेली, बरीच वर्षं मधुमेह असलेली.

2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आईंना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्या वाचल्या. जूनमध्ये घरी आल्या, पण फुप्फुसं पार थकली होती. काही आठवडे रात्रभर मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लावायचा, दिवसा बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत राहायचं आणि आकडा 92 च्या खाली उतरला तर दिवसाही नळी लावायची, असं डॉक्टरांनी बजावलं. ओळखीच्या एका मंडळानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरायला दिला. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, तिच्यातला नायट्रोजन गाळून टाकतं आणि ऑक्सिजन नळीतून पुढे देतं. त्याच्या पोटात साठा असा नसतोच. वीज गेली की ऑक्सिजनही थांबला.

आणि वीज तर जाणारच होती. महिन्यापूर्वीच तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आळीत दोन रात्री अंधार होता. याच तालुक्यात पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात, कोयनेचं वीजघर आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट. पण वीजघर शेजारी आहे म्हणून कुणाच्या घरात दिवा लागत नाही. वीज तारांवरून येते, तारा झाडांमधून जातात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात झाडं पडतात.

आई घरी आल्या त्याच रात्री जेवताना दादांनी जाहीर केलं, "जनरेटर घेऊ. पाच केव्हीएचा. फ्रिज, पंप, टीव्ही, वरचा एसी, अख्खं घर चालेल. आईच्या बाबतीत मी पैशाकडे बघणार नाही."

त्यांचा आईवर जीव होता, यात शंका नाही. पण घाबरलेला माणूस मोठ्यात मोठी वस्तू घ्यायला जातो. वस्तू मोठी असली की भीती लहान झाल्यासारखी वाटते. मी हे पुष्कळ घरांत पाहिलं आहे, आणि त्यात कुणाचा दोष आहे असं मला वाटत नाही.

धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. समोरच्या बंगल्यावर सौर पॅनेल बसली होती, तीच त्याच्या डोळ्यांपुढे होती. "सौर घेऊ. बिलही जाईल आणि लाइट गेली तरी आपलं घर चालू राहील."

धाकटी सून ताटं उचलता उचलता म्हणाली, "भाऊजी, तात्यांना एकदा विचारू या का?"

तात्या म्हणजे आळीच्या टोकाला राहणारे निवृत्त वायरमन. वीज मंडळ होतं तेव्हा खांबावर चढायला लागले, 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली तरी खांब तेच आणि चढणारे तात्याही तेच. दुसऱ्या दिवशी ते आले, ओटीवर बसले आणि बजेट किती, कंपनी कोणती, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"लाइट गेली की तुमचं नक्की काय अडतं?"

"सगळंच अडतं की," दादा म्हणाले.

"सगळंच म्हणू नका. असं करा, येत्या रविवारी दुपारी चारला मेन स्विच पाडा आणि रात्री दहाला चालू करा. आईंना यंत्र दहानंतर लागतं, तोवर त्यांना त्रास नाही. मधल्या वेळात आकडा उतरलाच तर लगेच स्विच वर करायचा. त्या सहा तासांत ज्याचं जे अडेल ते ज्यानं त्यानं लिहायचं. मग बोलू."

रविवारी चारला स्विच पडला. अंगणवाडीत रोज पटावर हजेरी मांडणाऱ्या धाकटीनं एक जुनी खतावणी आणली, शिल्लक पानांवर रकाने आखले आणि पेन दोऱ्यानं बांधून ती माजघरातल्या खुंटीला अडकवली. पहिल्या तासात काहीच लिहिलं गेलं नाही. पाच वाजता दादांनी 'पंखा' लिहिलं. साडेपाचला मुलानं 'टीव्ही, मॅच' लिहिलं. सहाला थोरलीनं पंपाचं बटण दाबलं, मग आठवण होऊन खतावणीत 'पाणी' लिहिलं आणि खाली, 'पण टाकी भरलेली आहे'. सातला अंधार पडला तेव्हा 'जिन्यात दिवा हवा, आई उतरताना चाचपडल्या' अशी मोठी ओळ आली. साडेसातला 'इन्सुलिन फ्रिजमध्ये'. आठला 'फोनची बॅटरी संपत आली, रात्री डॉक्टरांना फोन करायचा झाला तर?' नऊला आईंनी धाकटीला जवळ बोलावून सांगितलं, "माझं लिही गं. दहा वाजता मशीन लागेल ना, ही धाकधूक." धाकटीनं ते जसंच्या तसं लिहिलं.

सोमवारी तात्यांनी चष्मा लावून ती पानं वाचली आणि एकेका ओळीला हात घातला.

पाण्याची ओळ त्यांनी लगेच खोडली. गच्चीतली टाकी भरलेली असेल तर दोन दिवस पंपाची गरज नाही. पावसाळ्यात रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवायची की झालं. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट झटका देतो. त्या एका झटक्यासाठी मोठं यंत्र घ्यायचं आणि पंप दिवसातून वीस मिनिटं चालवायचा, हे त्यांना पटेना.

इन्सुलिनसाठी त्यांनी धाकटीला औषधाच्या दुकानात पिटाळलं. ती विचारून आली: न फोडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, पण वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड कोपऱ्यात, साधारण चार आठवडे बाहेर चालते, तापमान किती अंशांपर्यंत चालेल ते वेष्टनावर बघून घ्यायचं. शिवाय दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो. पावसाळ्यात चिपळूणला हवा फारशी तापत नाही. फ्रिजची ओळही गेली.

टीव्हीवरून मुलाशी थोडी घासाघीस झाली आणि टीव्ही गेला. पंख्यापुढे तात्यांनी प्रश्नचिन्ह केलं. साधा छताचा पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास.

उरलं काय? आईंचं यंत्र, 350 वॉट. यंत्राच्या खोलीत एक आणि जिन्यात एक असे नऊ-नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे, त्यातला जिन्यातला गरजेपुरता. फोन. खोलीतल्या दिव्याला त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. "ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती नको, कंदील नको, उदबत्तीसुद्धा नको. सांजवात देवघरातच राहू दे. साधी ठिणगी तिथे भडका होते. म्हणून हा दिवा चैन नाही."

दादा म्हणाले, "म्हणजे अख्ख्या घराचा हिशेब पावणेचारशे वॉटवर आला?"

"अख्ख्या घराचा नाही. अडणाऱ्याचा."

मग जनरेटरचा विषय निघाला. पाच केव्हीएचं पेट्रोलवरचं यंत्र तासाला दीड-दोन लिटर पितं. एका रात्रीला पंधरा-वीस लिटर. पेट्रोलनं तेव्हा नुकतीच शंभरी ओलांडली होती, पण प्रश्न पैशाचा नव्हताच. एवढं पेट्रोल घरात साठवायचं कुठे, आणि गावाचीच वीज गेल्यावर, रस्ते बंद झाल्यावर, आणायचं कुठून? पुन्हा धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद घरात यंत्र लावून झोपलेली माणसं उठत नाहीत. फुप्फुसं दुखावलेल्या बाईच्या घरात ते यंत्र खिडकीजवळसुद्धा नको.

आणखी एक गोष्ट तात्यांनी सांगितली, ती सांगताना त्यांचा आवाज खाली आला. त्यांच्या उमेदीच्या काळातली. लाइन बंद करून, खात्री करून, त्यांचा एक सोबती खांबावर चढला होता. खालच्या वस्तीत कुणीतरी जनरेटर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसला होता. चेंजओव्हर स्विच नाही, काही नाही. "घरातले 230 व्होल्ट उलटे डीपीत शिरले की पलीकडे 11 हजार होऊन निघतात. त्यानं तारेला हात लावला तेव्हा ती तार मेलेली असायला हवी होती." पुढे ते बोलले नाहीत. दादांनीही काही विचारलं नाही.

सौरचं उत्तर लहान होतं, पण धाकट्याला धक्का देणारं. समोरच्या बंगल्यावरची पॅनेलं लाइनला जोडलेली आहेत. अशा व्यवस्थेत लाइन गेली की सौर इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तसा तो पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावरच्या माणसाचं तेच होईल. लाइट गेल्यावर सौर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि जुलैतल्या चिपळूणच्या आभाळावर किती भरवसा ठेवायचा ते आपणच ठरवायचं. सौर वाईट नाही, बिलासाठी उत्तमच आहे. पण आईंच्या पावसाळी रात्रीचं ते उत्तर नव्हतं.

राहिला बॅटरीवरचा इन्व्हर्टर. धाकटीनं खतावणीचं नवं पान काढलं आणि तात्यांनी हिशेब सांगितला. बॅटरी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची; गुणाकार 1,800 वॉट-तास. अशा दोन, म्हणजे 3,600. बिलाच्या भाषेत साडेतीन युनिटं. "पण छापलेलं सगळं हाताला लागत नाही. थोडं इन्व्हर्टर खातो, थोडं बॅटरीत ठेवावं लागतं, पार तळाशी नेली तर ती लवकर मरते. दोन तृतीयांश धरा." म्हणजे 2,400. यंत्र, दिवा आणि किरकोळ मिळून 370 वॉट. भागाकार साडेसहा तास.

"साडेसहा?" दादा उसळले. "आईची रात्र नऊ तासांची आहे! यापेक्षा माझा जनरेटर बरा."

तात्या शांतपणे म्हणाले, "दादा, आईंना वीज लागत नाही. ऑक्सिजन लागतो. विजेला पर्याय कशाला शोधता, ऑक्सिजनला शोधा ना."

या वाक्यानंतर ओटीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. धाकटीनं मात्र खतावणीत नवी ओळ लिहिली: सिलिंडर. दुसरी लाट तोवर ओसरू लागली होती, महिन्यापूर्वी पायांवर डोकं ठेवूनही न मिळणारे सिलिंडर आता भाड्यानं मिळत होते. लहान, बी टाइपच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दोन लिटर, म्हणजे साडेसातशे मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. वीज लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. डॉक्टरांना विचारून, मीटर आणि नळी जोडायला शिकून, तो सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधून आईंच्या खोलीत उभा राहिला.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घेतला. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर मोटरा गुरगुरतात आणि वैद्यकीय यंत्रांचं आयुष्य धोक्यात येतं. क्षमता दीड हजार व्हीएच्या वर, कारण यंत्रातला कॉम्प्रेसर सुरू होताना दोन-तीन पट ओढतो. दोन बॅटऱ्यांसह सगळं चाळीस हजारांच्या आसपास गेलं. जनरेटर लाखाच्या घरात होता. दादांनी त्याचीही आगाऊ रक्कम आधीच देऊन टाकली होती, तेव्हा तोही आला, आणि मागच्या अंगणात 2005 च्या पुराच्या खुणेपेक्षा वीतभर उंच कट्टा बांधून त्यावर बसला.

खरी वादावादी बॅटऱ्या कुठे ठेवायच्या यावरून झाली. एकेक बॅटरी साठ किलोच्या आसपास. दुकानातून आलेली पोरं जिना बघूनच म्हणाली, "काका, ओटीवर ठेवू. पाणी घालायलाही सोपं पडेल." दादांना ते पटलं. तात्या मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले. बॅटऱ्या वर जातील, जिन्याच्या तोंडाशी, खिडकीजवळ. झोपायच्या खोलीत नाही, कारण चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो, त्याला वारा हवा.

"तात्या, 2005 ला पाणी इथं कमरेपर्यंत होतं. आपण छातीच्या वर टेबल करू."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, 2005 च्या आदल्या वर्षीही कुणीतरी असंच म्हटलं असेल, की एवढं पाणी येत नाही."

बॅटऱ्या वर गेल्या. पोरांना वरचे दोनशे रुपये आणि चहा द्यावा लागला. तात्यांनी आणखी एक काम करून घेतलं, ज्याचं महत्त्व त्या दिवशी कुणालाच कळलं नाही: इन्व्हर्टरची लाइन वरच्या मजल्यासाठी वेगळी आणि जिन्यातला खालचा दिवा वगैरे जे थोडं खाली जात होतं त्याला स्वतंत्र एमसीबी. "पाणी घरात आलं तर मेन बंद कराल, पण इन्व्हर्टर खालच्या भिंतीत करंट सोडतच राहील. पाण्यात उभ्या माणसाला तो महावितरणचा की तुमचा, हे कळत नाही." त्या एमसीबीवर धाकटीनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

21 जुलैच्या रात्री पाऊस थांबलाच नाही. धाकटा रात्रपाळीची गाडी घेऊन बाहेर होता. पहाटे चारच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टरनं टक् करून भार उचलला आणि आईंच्या यंत्राची घरघर चालू राहिली. त्यांना जागही आली नाही. धाकटी उठली, सवयीनं खतावणीत चारची वेळ लिहिली. दिवस उजाडायच्या सुमारास आळीतून हाका येऊ लागल्या. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं होतं, भरतीची वेळ साधून आलं होतं आणि चढत होतं. ते उंबऱ्याला लागलं तेव्हा धाकटीनं मेन पाडला, मग लाल ठिपका शोधून तोही पाडला. दादांनी, थोरलीनं आणि मुलांनी तांदूळ, डाळ, गॅसची शेगडी, इन्सुलिनच्या बाटल्या वर नेल्या. ओटी बुडाली. 2005 ची खूण बुडाली. मागच्या अंगणातला जनरेटर कट्ट्यासकट दिसेनासा झाला, आणि पाणी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वर येत राहिलं.

त्या दिवशी, 22 जुलैला, चिपळूणनं काय पाहिलं हे पुष्कळांनी लिहिलं आहे. बाजारपेठेत पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर पाणी होतं. एसटी आगाराचे व्यवस्थापक तिकिटांची रोकड पाण्यातून वाचवून बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. वीज गेलेल्या एका कोविड रुग्णालयात रुग्ण दगावल्याच्या बातम्या पुढच्या दोन दिवसांत आल्या, त्या वाचताना कुणाचेही हात थरथरले असतील.

वरच्या दोन खोल्यांत दुपारपर्यंत सतरा-अठरा माणसं गोळा झाली, गच्च्यांवरून गच्च्यांवर येत. आईंचं यंत्र सहालाच बंद केलं होतं. दोन तास गेले होते, साडेचार उरले होते. दुपारी माणसांच्या गर्दीनं आणि भीतीनं आईंचा आकडा 89 वर आला. धाकटीनं सिलिंडर उघडला, दोन तास दिला, आकडा वर आला, सिलिंडर बंद. खतावणीत लिहिलं: सिलिंडर साडेदहा शिल्लक.

मग शेजारचे काका आले. जुना दमा, ओठ निळसर पडलेले. त्यांचा नेब्युलायझर सुनेनं पिशवीत घालून आणला होता, पण लावायचा कुठे? सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिनं यंत्राच्या मागचा आकडा वाचला, 100 वॉट, आणि पेन्सिलनं कोपऱ्यात गुणाकार केला. पाव तास चालवला तर आईंच्या यंत्राची चार मिनिटं जातात.

"लावा काका. रात्री पुन्हा एकदा लावू."

हा प्रसंग मला या कथेत सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्याजवळ नेमकं किती आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला देता आलं. ठाऊक नसतं तर ती वाईट बाई नसतानाही कचरली असती. आईंचा श्वास आणि काकांचा श्वास यांत तिला निवड करावी लागली असती, तीही अंधारात. फोन चार्ज करायला पाच जण आले, एकेका फोनला दोन मिनिटं, तेही तिनं दिलं, जरी नेटवर्क गेलेलं होतं. पण रात्री उकाड्यानं मुलं रडायला लागली आणि दादा पंख्याच्या बटणाकडे वळले तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, पंखा नाही. तासाला आईंची बारा मिनिटं जातात."

दादांनी हात मागे घेतला. मग पुठ्ठा घेतला आणि मुलांना वारा घालत बसले.

रात्री दहाला आईंचं यंत्र लागलं. दोनच्या पुढे इन्व्हर्टर टीं टीं करू लागला, हिशेब आला होता तेवढ्यावरच. दादांनी विजेरी धरली, धाकटीनं नळी यंत्रातून काढून सिलिंडरला लावली, काटा दोनवर आणला. आईंनी डोळे उघडून विचारलं, "गेली का गं?" "गेली आई. पण तुमचं चालू आहे." त्या पुन्हा झोपल्या. उरलेली रात्र खतावणी दादांच्या मांडीवर होती आणि दर तासाला वेळ तेच लिहीत होते.

सकाळी सात वाजता सिलिंडरमध्ये साडेपाच तास शिल्लक होते आणि पाणी उतरायला लागलं होतं. धाकटा चिखल तुडवत दुपारी पोचला. आईंना त्याच दिवशी उंचावरच्या गावी, नातेवाइकांकडे हलवलं. तिथे लाइट होती. आळीत वीज यायला पुढे बरेच दिवस लागले.

आई ऑगस्टअखेर ऑक्सिजनशिवाय झोपू लागल्या. यंत्र मंडळाकडे परत गेलं, सिलिंडर परत गेला. चिखलानं भरलेला जनरेटर दादांनी भंगारात दिला. दुकान पुन्हा उभं करायला वर्ष गेलं, पण आता तिथे कुणी इन्व्हर्टरसाठी वायर मागायला आलं की ते आधी विचारतात, "घरात कुणी आजारी आहे का? आणि बॅटरी कुठे ठेवणार?" बॅटऱ्या अजून जिन्याच्या तोंडाशीच आहेत. दर तीन महिन्यांनी त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ते चारला मेन स्विच पाडतात.

तुमच्या घरी कुणी यंत्राच्या आधारानं श्वास घेत असेल, तर दुकानात जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना गाठा. यंत्र बंद पडलं तर किती वेळ निभेल, तोवर हाताशी काय असावं आणि ते जोडायचं कसं, हे आजच विचारून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवा.